घोंगडी का सरकते? घोड्यावर आणि खेचरावर खोगीर नीट बसवण्याची पद्धत

रपेट संपवून खाली उतरावं आणि बघावं तर घोंगडी मागून वीतभर बाहेर आलेली, पुढे मात्र खोगिराची कड थेट घोड्याच्या अंगाला टेकलेली. महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारातला सराव असो, माथेरानचा दस्तुरी नाका असो, की जुहूच्या वाळूत मुलांना फिरवणारी तट्टं, हे दृश्य सगळीकडे सारखंच. त्यावरचा उपायही सगळीकडे एकच केला जातो: तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधणारा पट्टा, आणखी एक भोक वर. दुसऱ्या दिवशी घोंगडी परत तिथेच.

घोंगडी आपणहून कधी सरकत नाही. तिला खोगीर ओढतं, आणि खोगिराला घोड्याचा खांदा, उतार किंवा वर बसलेला माणूस ढकलतो. तंग आवळून फार तर हे ढकलणं थोडा वेळ दाबून ठेवता येतं. त्याची किंमत घोड्याची पाठ भरते. म्हणून तपासणी मुळापासून करायची: आधी पाठ, मग रिकामं खोगीर, मग घोंगडी, मग तंग आणि शेवटी स्वार.

पाठ हाताने तपासा

घोडा सपाट, कडक जमिनीवर उभा करा. चारही पाय त्याच्याखाली सरळ असावेत आणि मान समोर. मातीच्या उतरत्या आवारात घेतलेलं कुठलंही माप खोटं निघतं. खरारा करून पाठ कोरडी आणि स्वच्छ करा.

मान संपते तिथे, दोन खांद्यांच्या मधोमध जो उंचवटा असतो त्याला तबेल्यात विदर म्हणतात. तिथून सुरुवात करून कण्याच्या बाजूने, कण्यापासून साधारण चार बोटं अंतर राखून, बोटांच्या सपाट भागाने सावकाश दाबत कमरेपर्यंत या. नखं किंवा अंगठा खुपसू नका, तसं केल्यावर निरोगी घोडाही दचकतो. एका ठिकाणी कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे वळले किंवा घोडा बाजूला सरला, तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. मग दुसरी बाजू. एकच बाजू दुखत असेल तर कारणही एका बाजूचंच असतं, आणि पुढे त्याचा फार उपयोग होतो.

केस नीट बघा. विदरच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके असले, तर पूर्वी कधीतरी तिथे इतका दाब पडला की केसांच्या मुळांचा रंग गेला. तो डाग जुना आहे, आजच्या खोगिराचा दोष असेलच असं नाही. पण कमरेजवळ केस तुटलेले, खरखरीत आणि उलटसुलट लागत असतील तर खोगिराचं मागचं टोक रोज डावी-उजवीकडे झुलतंय. हा आजचाच दोष. खोगीर काढल्यावर लगेच पाठ चांगली दिसते आणि तासाभराने फुगवटा वर येतो, असंही होतं. दाबाखाली अडलेलं रक्त परत वाहू लागलं की सूज येते. म्हणून खोगीर काढून तासाभराने पाठीवरून पुन्हा एकदा हात फिरवण्याची सवय मोतद्दारालाही लावा.

आता दोन हाडं शोधायची. पहिलं खांद्याचा फरा. त्याची मागची कड बोटांनी शोधा आणि खडूने रेघ ओढा. मग एकाला त्या बाजूचा पुढचा पाय उचलून हळूच पुढे ताणायला सांगा आणि तुमचा हात रेघेवर ठेवा. फऱ्याचा वरचा भाग मागे सरकत तुमच्या बोटांखाली येतो. प्रत्येक पावलाला हे घडतं. खोगिराचा पुढचा टोकदार भाग या रेघेवर किंवा तिच्या पुढे बसलेला असेल, तर प्रत्येक पावलाला फरा खोगिराला मागे लोटणार. घोंगडी मागे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे आणि बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

दुसरं हाड शेवटची बरगडी. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. कुशीकडून शेवटची बरगडी चाचपत वर कण्याकडे जा आणि तिथे दुसरी रेघ ओढा. ओझं पेलायची जागा या दोन रेघांच्या मध्ये. त्यामागे कंबर आहे, तिला बरगड्यांचा आधार नाही. १३ हँडच्या (एक हँड म्हणजे चार इंच उंची) तट्टावर मोठ्या माणसासाठी म्हणून १७ किंवा १८ इंची सीटचं खोगीर टाकलं की ते बहुतेक वेळा दुसरी रेघ ओलांडतं. माणसाला मावतं, तट्टाला मावत नाही.

पाठीचा आकार कागदावर उतरवून ठेवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी वाकणारी मोजपट्टी, म्हणजे फ्लेक्सिबल कर्व्ह, ६० सेंटिमीटरची घ्या. नसेल तर वायरिंगची जाड, वाकवल्यावर तशीच राहणारी तार चालते. तीन ठिकाणी आडवा आकार घ्यायचा: फऱ्याच्या रेघेमागे दोन बोटं, सीटच्या मधोमध येईल तिथे आणि शेवटच्या बरगडीपाशी. चौथा आकार कण्याच्या बाजूने लांबीत. पुठ्ठ्यावर रेघा काढून कापा, तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. मुंबईत हे जरुरीचं आहे, कारण पावसाळ्यात मैदानं चिखलाची होतात, काम कमी होतं, पाठीचे स्नायू उतरतात. मेमध्ये बसणारं खोगीर सप्टेंबरात बसेलच असं नाही.

रिकामं खोगीर, घोंगडीशिवाय

घोंगडी टाकून खोगीर तपासणं म्हणजे मोजे घालून जोड्याचं माप घेणं. आधी उघड्या पाठीवर बघायचं.

पण त्याहीआधी खोगिराचा सांगाडा, म्हणजे ट्री, धड आहे का ते पाहा. खोगिराची मागची कड मांडीला टेकवा, पुढची कमान दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा. स्प्रिंग ट्री थोडी लवचिक असते, सारखी वाकते आणि परत येते. सीट मधूनच दुमडल्यासारखी झाली, करकर वाजली किंवा कमानीची दोन टोकं वेगवेगळी हलली तर ट्री तुटलेली समजा. असं खोगीर दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता बाजूला काढा.

मग उलटं करा. मधला खोबणीसारखा मार्ग, गलेट, पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटं रुंद असायला हवा. बऱ्याच खोगिरांत तो पुढे रुंद आणि मागे एक बोटाचा होतो. तिथेच कण्याला चिमटा बसतो. दोन्ही बाजूंच्या गाद्यांवर तळहात फिरवा. गाठी, खड्डे, एक बाजू जाड आणि एक पातळ, सगळं हाताला कळतं. मराठीत टाकाऊ भरताडाला आपण खोगीरभरती म्हणतो, पण पाठीला टेकणारी वस्तू हीच भरती. ती लोकरीची असेल तर दमट हवेत ओल धरते, घामाने दबते आणि गोळे होतात. रोज वापरातल्या खोगिराची भरती वर्षातून एकदा कारागिराकडून उसवून, पिंजून किंवा बदलून घ्या. चिंध्या भरून देणारेही भेटतात. त्या भरतीची चार महिन्यांत वीट होते.

आता खोगीर विदरवर, नेहमीपेक्षा थोडं पुढे ठेवा आणि हळूहळू मागे सरकवा. एका जागी ते आपणच थांबतं. ती त्याची जागा, तिथून पुढे ढकलू नका. बहुतेकांची चूक इथे होते. खोगीर पुढे दिसलं की ऐटदार वाटतं, पण ते फऱ्यावर चढलेलं असतं.

या जागी खालच्या गोष्टी बघा:

१. विदर आणि कमान यांत उभी दोन ते तीन बोटं जावीत. स्वार बसल्यावरही दोन बोटं उरली पाहिजेत. विदरच्या बाजूंनाही फट हवी, फक्त वर नको.

२. मागे उभं राहून गलेटमधून पाहिलं की पुढचा उजेड दिसला पाहिजे.

३. कमानीच्या टोकांचा कोन खांद्याच्या उताराला समांतर असावा. फ्लॅप, म्हणजे खोगिराचा बाजूला लोंबणारा चामडी पदर, उचलून बघा. पुठ्ठ्यावर कापलेला पहिला आकार इथे कामी येतो.

४. एक हात सीटवर हलका ठेवून दुसरा सपाट हात गादीखालून पुढून मागे न्या. दाब सगळीकडे सारखा लागावा. पुढे-मागे घट्ट आणि मध्ये हात मोकळा फिरत असेल तर खोगिराचा पूल झाला आहे, सगळं वजन चार कोपऱ्यांवर. मध्ये घट्ट आणि टोकं उचललेली असतील तर ते होडीसारखं डुलेल.

५. सीटचा सर्वांत खोल भाग मधोमध यावा. तो मागे गेला तर पुढची कमान अरुंद आहे. पुढे गेला तर रुंद.

विदरवरची फट हा नुसता चांगल्या सवयीचा भाग नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या क्रूरता प्रतिबंधक नियमांत घोड्यावर खोगीर घालण्याबद्दल स्वतंत्र नियम आहे. कमान आणि विदर यांत पुरेशी जागा न ठेवता सामान थेट विदरवर टेकेल असं खोगीर घालायला त्यात मनाई आहे. भाड्याने घोडा घेणाऱ्यालाही हे माहीत असावं.

अरुंद आणि रुंद यातला फरक नीट समजून घ्या, कारण घोंगडीने एकच चूक थोडीफार झाकता येते. खोगीर किंचित रुंद असेल तर चांगल्या पॅडने ती जागा भरून काढता येते. अरुंद असेल तर प्रत्येक नवी घोंगडी चिमटा आणखी घट्ट करते. रेसमधून निवृत्त होऊन क्लबांत आलेल्या थरोब्रेड घोड्यांचं विदर उंच आणि लांब असतं, मागे खांद्याजवळ खळगे असतात. त्यांच्यावर सपाट पाठीसाठी बनवलेलं खोगीर पुढे खाली बसतं. मारवाडी, काठेवाडी घोडे छातीने अरुंद असतात. माथेरानची मिश्र जातीची तट्टं मात्र बहुधा गोल बरगड्यांची. एकच खोगीर तिघांवर फिरवायचं ठरवलं तर ते निदान दोघांवर चुकीचं बसणार. कानपूर हे देशातलं खोगीर बनवण्याचं मोठं केंद्र आहे. तिथून मागवताना सीटचा इंच सांगून थांबू नका, पुठ्ठ्याचे तीन आकार सोबत पाठवा.

दोन खांद्यांपैकी एक बऱ्याच घोड्यांचा मोठा असतो. खोगीर मोठ्या खांद्याला बसेल असं निवडायचं आणि लहान बाजूला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, पातळ तुकडा पॅडच्या खिशात घालायचा. उलटं केलं तर मोठा खांदा खोगिराला रोज लहान बाजूकडे लोटत राहतो.

घोंगडी निवडणं आणि टाकणं

इंग्रजीतला नम्ना हा शब्द आपल्या नमद्यावरूनच गेला आहे. लोकरीचा दाबलेला नमदा आजही सगळ्यात भरवशाचा. तो अंगाला धरून राहतो, घाम शोषतो, दाब थोडा पसरवतो. साधारण १ ते २ सेंटिमीटर जाडी पुरते. गोधडीसारखं शिवलेलं सुती पॅड स्वच्छतेसाठी उत्तम, पण दाब कमी करत नाही. खालून गुळगुळीत नायलॉन असलेली पॅडं घसरतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात पाठ भाजून काढतात. स्पंजच्या दोन-तीन थरांनी खोगीर उंच होतं आणि बाजूला कलंडतं. जाड घोंगडी म्हणजे जास्त आराम, हा समज घोड्यांना सगळ्यात जास्त त्रास देतो.

आकारही बघा. वरची कड सरळ रेषेत कापलेली असेल तर ती विदरवर ताणली जाते. विदरच्या उंचवट्याप्रमाणे वर उचललेली शिवण असलेलं पॅड घ्या. खोगिराच्या कडेबाहेर ते चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर दिसावं. पॅडची कड खोगिराच्या गादीखाली आली तर तिथे दोरीसारखा वळ उठतो.

टाकण्याची पद्धत अशी. पाठीवरून हात फिरवून काडीकचरा बघा. माथेरानची लाल माती घामात मिसळली की सँडपेपर होते, ती ब्रशने पूर्ण काढा. घोंगडीची खालची बाजूही झटका. ती योग्य जागेपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर पुढे, मानेवर ठेवा आणि केसांच्या रोखाने मागे ओढा. जास्त मागे गेली तर पुढे ढकलू नका, उचलून पुन्हा पुढे ठेवा. केस उलटे राहिले की तासाभरात त्या जागी खाज आणि पुरळ येतं.

खोगीर ठेवल्यावर, तंग बांधण्याआधी, घोंगडी विदरवर आणि मागेही बोटाने वर उचलून गलेटमध्ये सारा, तंबूसारखी. हे करायचं राहिलं तर स्वाराच्या वजनाने कापड विदरवर ताणतं. ताणलेलं कापड उंचवट्यावरून उताराकडे निसटतं, म्हणजे मागे. पुष्कळदा खोगीर जागेवर असतं आणि घोंगडी एकटीच मागे जाते, ते यामुळे. त्यात विदरवर कापडाचा ताणही बसतो, तो वेगळाच.

पॅडला दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. वरची पट्टी खोगिराच्या बिलेटवर, म्हणजे तंगाचं बकल ज्यात अडकतं त्या पट्ट्यावर, बकलच्या वर ओवायची. खालच्या पट्टीतून तंग जातो. ही पट्टी आखूड असली किंवा चुकीच्या उंचीवर शिवलेली असली तर तंग ओढताना पॅड खाली खेचलं जातं आणि तंबू मोडतो. तेव्हा पट्टी उसवून योग्य जागी शिवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, कोपऱ्यावरचा चांभारही करून देतो.

तंग आणि चढणं

तंग कोपरामागे साधारण चार बोटं यावा. आधी सैल बांधा. मग दोन्ही पुढचे पाय एकेक करून पुढे ताणा म्हणजे तंगाखालची कातडी सरळ होते. पाच-दहा मिनिटं चालवून एक भोक घ्या, चढल्यावर पुन्हा एक. घट्टपणा बाजूला बघू नका, तिथे तंग नेहमी घट्टच लागतो. छातीच्या हाडाखाली हात घाला, एक-दोन बोटं सपाट गेली पाहिजेत. ट्रेडमिलवर धावणाऱ्या घोड्यांवर झालेल्या प्रयोगांत तंग जसा आवळत नेला तसा घोडा लवकर दमला. त्यामुळे "घट्ट असलेला बरा" हे खरं नाही. रबरी पट्टी असलेला तंग सोयीचा, पण रबर एकाच बाजूला असेल तर खोगीर दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. दोन्ही टोकांना रबर असलेलाच घ्या.

जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढलं की खोगीर डावीकडे फिरतं आणि घोड्याचं विदर ओढलं जातं. स्टूल, ओटा, पायरी, काहीही वापरा. रिकिबीचे दोन्ही पट्टे आठवड्याला अदलाबदल करा, कारण चढण्याच्या बाजूचा पट्टा ताणून लांबतो आणि मग स्वार नकळत वाकडा बसतो.

कुठे सरकतं त्यावरून कारण

मागे सरकतं: खोगीर फऱ्यावर आहे, कमान अरुंद आहे, किंवा घोडा पोटाकडे निमुळता आहे आणि तंग मागच्या बारीक भागाकडे जातो. पहिली दोन कारणं दूर करूनही चढावर सरकत असेल तरच छातीपट्टा लावा. छाती आणि पट्टा यांत मूठ जावी. चुकीच्या खोगिराला छातीपट्टा लावला तर दाब विदरवरून छातीवर जातो, एवढंच.

पुढे सरकतं: विदर बसकं, बरगड्या गोल, पोट मोठं आणि तंगाची नैसर्गिक खाच कोपराजवळ. तंग नेहमी छातीच्या सर्वांत अरुंद जागी जाऊन थांबतो आणि खोगिराला सोबत नेतो. पुढची बिलेट, ज्याला पॉइंट बिलेट म्हणतात, वापरून पाहा. खाच पुढे असणाऱ्यांसाठी पुढून वळणाचा तंग मिळतो, तो मधल्या भागात पुढे झुकलेला असतो.

एका बाजूला सरकतं: आधी माणूस बदला. दुसरा, सरळ बसणारा स्वार बसल्यावरही त्याच बाजूला जात असेल तर भरती मोजा, खांदे मोजा. तेही ठीक असेल तर घोड्याचे मागचे पाय पशुवैद्याकडून तपासून घ्या. ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासांतून असं दिसलं की मागच्या पायाने बारीक लंगडणाऱ्या घोड्यांचं खोगीर एका बाजूला, बहुधा लंगड्या पायाच्या बाजूला सरकतं, आणि पायाचं दुखणं बधिर केल्यावर ते थांबतं. डोळ्याला लंगडणं दिसत नसतानाही खोगीर ते दाखवतं. अशा वेळी खोगिराची दुरुस्ती करत बसणं म्हणजे घोड्याचं दुखणं लपवणं.

खेचर ही वेगळी गोष्ट आहे

घोड्याचं खोगीर खेचरावर टाकलं की ते उतारावर मानेकडे धावतं. खेचराचं विदर बसकं, पाठ घोड्यापेक्षा सरळ, खांदे अरुंद आणि मागे पोटाचा घेर रुंद. खोगिराला अडवणारं पुढे काहीच नसतं. घोड्याच्या ट्रीला लांबीत जो वाक असतो तो खेचराच्या सरळ पाठीवर मध्ये टेकतो आणि टोकं अधांतरी राहतात. म्हणून कमी वाकाची ट्री लागते.

सपाट जागी हे चालून जातं. डोंगरात चालत नाही. तिथे दोन साधनं आहेत, दुमची आणि ब्रीचिंग.

दुमची म्हणजे शेपटीच्या मुळाखालून जाणारा गोल गादीचा पट्टा, जो खोगिराच्या मागच्या कडीला बांधतात. ती कडी ट्रीला पक्की हवी, नुसत्या चामड्याला शिवलेली नको. दुमचीची गोल नळी पूर्वापार जवसाने भरतात. जवस अंगाच्या उबेने थोडं तेल सोडतं, चामडं मऊ राहतं, नाजूक कातडी सोलवटत नाही. घालताना शेपटीचे सगळे केस बाहेर काढा, एक केस अडकला तरी जखम होते. पाठीवरचा पट्टा उचलून पाहिल्यावर खाली दोन-तीन बोटं जावीत. शेपटी वर ओढलेली दिसली तर फार घट्ट. दुमची रोज धुवा आणि कोरडी करा. पहिल्यांदा घालताना जनावर उसळतं, म्हणून काही दिवस फक्त उभ्या जागी, मग हातात धरून चालवत, मग उतारावर रिकामं, आणि त्यानंतर स्वार.

लांब उतार आणि जड ओझं असेल तर ब्रीचिंग बरं. तो रुंद पट्टा मागच्या मांड्यांमागून जातो आणि पुढे खोगिराला बांधतात. सपाटीवर त्यात तळहात सहज फिरावा, उतारावर तो टेकावा. फार खाली आला तर पाय मागून ढकलले जातात, फार वर गेला तर शेपटीखाली सरकतो.

मुंबईहून केदारनाथला जाणारे अनेक जण गौरीकुंडाहून खेचरावर बसतात. तिथे खोगीर निवडायला मिळत नाही, पण बसण्याआधी दोन मिनिटं मिळतात. घोंगडी उचलून पाठीवर ओली जखम आहे का बघा. विदरवर बोटं घाला. शेपटीखाली नजर टाका. जखम असेल तर दुसरं जनावर मागा. उतरताना मागे रेला, रिकिबीत पाय थोडे पुढे, आणि शक्य तिथे सर्वांत कडक उतार पायी उतरा.

वजनाचाही हिशोब करा. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात झालेल्या प्रयोगात घोड्याच्या वजनाच्या २५ टक्के आणि त्याहून अधिक ओझं दिल्यावर स्नायूंचं दुखणं वाढलेलं दिसलं. त्यामुळे २० टक्के ही मर्यादा शहाणपणाची, आणि त्यात खोगीर धरायचं. ३०० किलोच्या तट्टाला ६० किलो. खोगीर, घोंगडी आणि रिकिबी ८ किलो धरले तर स्वार ५२ किलोचा. ७५ किलोच्या पर्यटकाखाली कितीही चांगली घोंगडी घातली तरी ती पाठ वाचत नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर एका घोड्यामागे निदान तीन-चार सुती पॅड लागतात, कारण एक सुकायला दोन दिवस जातात. ओलं पॅड घसरतं आणि कातडी मऊ करून सोलतं. त्याच उबेत बुरशी आणि खवले वाढतात. पॅड एका घोड्याचं दुसऱ्याला लावू नका, गजकर्ण असंच पसरतं. कपडे धुण्याची पावडर कमी घाला, पाण्यातून तीनदा काढा. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, त्याने कापड बुळबुळीत होतं आणि घसरतं.

चामड्यावर हिरवट-पांढरा थर आला तर उघड्या हवेत कोरड्या फडक्याने पुसा, ग्लिसरीनच्या साबणाने साफ करा, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं की चामडं तडकतं. बिलेटचे टाके दर आठवड्याला वाकवून बघा. दमटपणात धागा कुजतो आणि पट्टा चालत्या घोड्यावर तुटतो.

सगळं झाल्यावरची परीक्षा

कोरड्या थंड प्रदेशात घामाचा ठसा बघून खोगीर तपासतात: सगळीकडे ओलं आणि मध्येच कोरडा चट्टा असेल तर तिथे एकतर फार दाब आहे किंवा खोगीर टेकतच नाही. मुंबईत एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांत अख्खा घोडा भिजतो, ठसा उमटतच नाही. त्याऐवजी पहाटे ही परीक्षा घ्या. स्वच्छ कोरड्या पाठीवर खडूची पूड फडक्याने हलकेच लावा. रांगोळी वापरू नका, ती दगडाची पूड असते आणि घासते. वर गडद रंगाचं पातळ सुती कापड घाला. पांढऱ्या घोड्यावर कोळशाची पूड आणि पांढरं कापड. मग घोंगडी आणि खोगीर. पंधरा मिनिटं चाल आणि दुडकी, दोन्ही बाजूंना सारखे वेढे. खोगीर सरळ वर उचलून काढा, ओढू नका.

कापडावरचे डाग वाचा. दोन लांब, सारखे पट्टे आणि मध्ये कण्याची स्वच्छ जागा असेल तर उत्तम. पुढच्या दोन कोपऱ्यांत गडद ठिपके म्हणजे अरुंद कमान. पट्ट्यांच्या मधला भाग कोरा म्हणजे पूल. मागे पंख्यासारखा फरफटलेला डाग म्हणजे खोगीर झुलतंय. एक पट्टा रुंद आणि दुसरा बारीक म्हणजे वजन एका बाजूला. कापड घोंगडीला दोन टाके घालून ठेवा. घोंगडी किती सरकली तेही मोजता येतं: निघण्याआधी घोंगडीच्या आणि खोगिराच्या कडेवर एकाच रेषेत खडूची खूण करा आणि परत आल्यावर अंतर मोजा. एक-दीड सेंटिमीटर चालेल. तीनच्या वर गेलं तर पहिल्या पायरीपासून सुरुवात.

पाठ लागली असेल तर

खोगिराने कातडी सोलवटली किंवा गरम सूज आली तर खोगीर पूर्ण बंद. सुजेवर थंड पाण्याच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कातडी फाटली असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुवा आणि माश्या बसणार नाहीत अशी झाकून ठेवा, पावसाळ्यात अळ्या पडायला एक दिवस पुरतो. हळद-तेलाचे जाड लेप लावून वर पुन्हा घोंगडी टाकू नका. घोंगडीला जखमेएवढं भोक पाडून स्वारी चालू ठेवण्याची पद्धत तर फारच वाईट, कारण भोकाच्या कडेवर दाब वाढतो आणि जखम गोलाकार पसरते. विदरवरची सूज मऊ, पाणी भरल्यासारखी लागली किंवा पू आला तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल मुंबईतल्या घोडेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

सुट्टीच्या काळात घोडा हातात धरून चालवा, लांब दोरीवर फिरवा. खपली पडून नवे केस पूर्ण आले, बोटाने दाबल्यावर कातडी थरथरली नाही, तरच पुन्हा खोगीर. पहिल्या दिवशी रिकामं, वीस मिनिटं, आणि तासाभराने त्याच जागेवर हात.